वेताळ टेकडीवर ओरिएंटियरिंग : कामाच्या नोंदी

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ग्रुपवर नवीन आलेल्यांसाठी आधी काय ठरलंय ते. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पुण्याच्या वेताळ टेकडीवर ओरिएंटियरिंगची एक सकाळ करायची, सगळ्यांसाठी खुली, फी फक्त प्रिंटच्या खर्चापुरती, बक्षिसं नाहीत. फेब्रुवारी अशासाठी की तोवर गवत वाळून आडवं झालेलं असतं आणि वणवे अजून जोरात सुरू झालेले नसतात.

खेळ काय असतो: हातात नकाशा, होकायंत्र, नकाशावर जांभळा त्रिकोण म्हणजे सुरुवात, जांभळे गोल म्हणजे कंट्रोल, डबल गोल म्हणजे शेवट. गोलाच्या बरोब्बर मध्ये जी गोष्ट आहे, दगड, झाड, चराचं टोक, तिथे केशरी-पांढरा झेंडा टांगलेला असतो. कंट्रोल क्रमाने गाठायचे पण एकातून दुसऱ्याकडे कसं जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. बस्स. पळायलाच पाहिजे असं काही नाही.

ग्रुपवर एकाने विचारलं की मग सरळ टेकडी-रन का नाही करत, लोक जास्त येतील. येतील की. पण रनमध्ये सगळ्यांना एकच रस्ता असतो आणि ज्याचे पाय जोरात त्याचीच मजा, बाकीचे पाणी वाटायला. इथे एकाच नकाशावर आठ वर्षांची पोरगी, तिचा बाबा आणि तिची आजी तिघंही आपापला वेगळा कोर्स खेळू शकतात आणि तिघांनाही डोकं खाजवावं लागतं. मला तेच करून बघायचंय.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज धनत्रयोदशी, घरी फराळाची गडबड आणि मी लॅपटॉप घेऊन बसलेय म्हणून आईचे दोन शब्द ऐकले. असो. बेस मॅपचं बघितलं.

स्वीडन-नॉर्वेच्या क्लबांना सरकारी लायडार डेटा मिळतो, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेली जमीन, त्यातून कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा, जवळजवळ आयते निघतात. आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर कंटूर २० मीटरला एक, ओरिएंटियरिंगला लागतो ५ मीटरला एक. सॅटेलाइटचा फुकट उंचीचा डेटा ३० मीटरच्या चौकोनांत येतो, त्यात आख्खी खाण एका खड्ड्यासारखी दिसते आणि लहान घळी तर गायबच. ड्रोनचा विषय निघाला पण परवानग्यांची यादी बघून सगळे गप्प झाले.

म्हणजे पायांनीच करायचं. ओपनस्ट्रीटमॅपवर टेकडीच्या बऱ्याच वाटा कुणी कुणी टाकून ठेवल्यात, त्या घेतल्या, सॅटेलाइट फोटो खाली लावला, आणि ओपनओरिएंटियरिंग मॅपर या सॉफ्टवेअरमध्ये फाइल सुरू केली. फुकट आहे, मराठी फॉन्टही नीट चालतो, मोबाइलवरही चालतं म्हणजे चालता चालता काढता येतं. पैसेवाले लोक ओकॅड वापरतात, ते स्विस सॉफ्टवेअर, उत्तम आहे पण आपल्याला परवडणारं नाही.

एरिया ठरवला: एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूच्या वाटेपासून खाण धरून मंदिराच्या पठारापर्यंत, साधारण एक चौरस किलोमीटर. १:५००० ला छापलं की १ सेंटीमीटर म्हणजे ५० मीटर, पोरांनाही तोंडी हिशोब जमेल, आणि ए-फोर कागदावर आख्खं मावतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

पहिलं खरं फील्डवर्क. चौघं होतो. पट्टे वाटून घेतले, प्रत्येकाकडे छापील तुकडा, पाठीला पुठ्ठा, तीन रंगांची पेनं. दुहेरी पावलं मोजायची सवय लावली, म्हणजे फक्त डावा पाय पडला की मोजायचं, माझी सपाटीवर १०० मीटरला ६४ च्या आसपास येतात, चढावर सत्तरच्या पुढे. प्रत्येकाने आपला आकडा पुठ्ठ्यावर लिहून ठेवावा, दुसऱ्याचा वापरू नये, उंच माणसाचा आकडा घेऊन बुटक्याने मोजलं की ओढा भलतीकडेच वाहायला लागतो.

या सीझनला गवत छातीएवढं आहे. वरून बघितलं तर मोकळं पठार, आत शिरलं की कुसळं मोज्यात आणि पायाखाली काय आहे पत्ता नाही. छोटे दगड, जुने खड्डे आत्ता दिसतच नाहीत, ते डिसेंबरवर टाकले. आत्ता फक्त जे बदलत नाही ते: वाटा, कुंपणं, खाणीचा कडा, पाण्याच्या टाक्या, बाकडी, वनविभागाचे चर.

चरांवर मात्र मी खूष आहे. पाणी अडवायला टेकडीच्या उतारावर समपातळीत खणलेले सलग चर, एकाखाली एक, एकाच उंचीवरून जातात म्हणजे फुकटात आखून दिलेले कंटूरच की. आम्ही चरांवरून चालत जीपीएस ट्रॅक घेतले आणि त्यांच्या मधे बाकीचे कंटूर भरले. लायडार नसल्याचं दुःख निम्मं कमी झालं. जिथे चर नाहीत तिथे, म्हणजे पश्चिमेच्या सोंडेवर, अजून अंदाजपंचेच आहे.

मोर दिसले. कुत्र्यांची एक टोळी खाणीजवळ बसलेली असते, ती नोंद नकाशावर नाही पण सेफ्टीच्या कागदावर.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज आर्मीतून रिटायर झालेले एक काका आले, प्रिझमॅटिक कंपास घेऊन, लेदरच्या कव्हरमध्ये. आपल्याकडे हा खेळ लोकांना माहिती असलाच तर फौजेमुळे नाहीतर एनसीसीच्या मॅप रीडिंगच्या तासामुळे, त्यामुळे काकांना वाटलं आपण पोरांना बेअरिंग (होकायंत्रावरून अंशांत दिशा काढणं) आणि रिसेक्शन (लांबच्या खुणांवरून आपली जागा काढणं) शिकवणार. मी म्हटलं काका, पहिल्या दिवशी बेअरिंग अजिबात नाही, फक्त नकाशा उत्तरेला फिरवून धरायचा आणि अंगठा आपण जिथे आहोत तिथे ठेवायचा. त्यांना ते पटायला चहा लागला. मग म्हणाले, "अगं पण खेळ तर मुळात फौजेतलाच ना?" हो, उगम तिकडचाच, एकोणिसाव्या शतकातले नॉर्वे-स्वीडनचे लष्करी सराव. पण नागरिकांसाठी पहिली स्पर्धा १८९७ मध्ये ओस्लोजवळ झाली, आणि १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ ज्या मेजर अर्न्स्ट किलँडरनी मोठी स्पर्धा घेतली त्यांचं कारण साधं होतं, तरुण पोरं ट्रॅकवर पळायला कंटाळली होती. काका यावर हसले आणि मग दिवसभर माझ्यापेक्षा जास्त चालले.

त्यांच्याकडून एक कामाची गोष्ट. आपला सगळा खडक बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं, होकायंत्र कातळाला टेकवून धरलं तर सुई थोडी हलते. खाणीच्या भिंतीपाशी करून बघितलं, हलली. छातीशी धरून, कातळापासून दोन-तीन पावलं लांब उभं राहिलं की ठीक. पोरांना सांगायचं. बाकी पुण्यात खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत फरक जवळपास नाहीच, त्यामुळे नकाशावरच्या उत्तर रेघा मारताना डोक्याला ताप नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

हिरव्या रंगावरून वाद.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: ओरिएंटियरिंगच्या नकाशात पांढरा म्हणजे मोकळं जंगल जिथे आरामात पळता येतं, पिवळा म्हणजे माळरान, आणि हिरवा म्हणजे अडचण. फिका हिरवा म्हणजे नेहमीच्या वेगाच्या ६० ते ८० टक्के, मधला २० ते ६०, गडद म्हणजे २० च्या खाली, शब्दशः झटापट. नवीन माणसाला हे उलटं वाटतं, त्याला पांढरं म्हणजे रिकामं वाटतं. हे स्टार्टला प्रत्येकाला सांगायचंय, टाळायचं नाही.

वाद असा की टेकडीवर गिरिपुष्पाचं, म्हणजे ग्लिरिसिडियाचं प्लांटेशन भरपूर. पावसाळ्यात ते गडद हिरवं, शिरणं मुश्किल. थंडी संपता संपता पानं झडतात आणि तीच जागा फिक्या हिरव्याची होते, कुठे कुठे पांढरीच. नियमावली लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पाइन आणि स्प्रूस असणार, बारा महिने तसेच. शेवटी ठरलं की फेब्रुवारीचा नकाशा फेब्रुवारीसारखा काढायचा आणि कोपऱ्यात ठळक लिहायचं "हिवाळी आवृत्ती". पावसाळ्यासाठी हिरव्या रंगाची वेगळी लेयर ठेवायची. घाणेरीची जाळी मात्र बाराही महिने गडद. तिथे कुणी शिरू नये, ओरबाडून निघाल.

शनिवार, १३ डिसेंबर

कोर्स प्लॅनिंग. पर्पल पेन नावाचं सॉफ्टवेअर, हेही फुकट. नोंद लांबणार आहे कारण सगळा खेळ इथेच आहे असं माझं मत झालंय.

लांबी आणि अवघडपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण सवयीने सोपा म्हणजे छोटा आणि अवघड म्हणजे लांब असं धरतो आणि तिथेच अर्धी माणसं बाहेर पडतात. पंचवीस वर्षांचा मॅरेथॉनवाला, आयुष्यात नकाशा उघडलेला नाही, त्याला लांब पण सोपा कोर्स पाहिजे. आर्मीवाले काका, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पण कंटूर बघून डोळ्यांपुढे सोंड उभी राहते, त्यांना छोटा पण अवघड. दोघांना एकच "मीडियम" दिला तर दोघंही कंटाळणार. ब्रिटनमधल्या क्लबांनी हे नीट बसवलंय, तिथे कोर्सना रंगांची नावं, व्हाइट, यलो, ऑरेंज, लाइट ग्रीन असं चढत ब्राउनपर्यंत, आणि त्यातच शॉर्ट ग्रीन म्हणजे अवघड पण आखूड, लाँग ऑरेंज म्हणजे मध्यम पण लांब. कल्पना आपण घेतली.

आपले कोर्स: पोरांचा सोपा १.२ किमी, सोपा-लांब ४ किमी, मधला २.५ किमी, अवघड-आखूड १.८ किमी, अवघड-लांब ५ किमी. शिवाय अजून शाळेच्या वयाच्या न झालेल्या पोरांसाठी सुतळीचा कोर्स, पठारावर झाडाझाडांना सुतळी बांधायची, पोरगं सुतळी धरून चालत जाणार आणि वाटेत प्राण्यांची चित्रं सापडणार, कार्डावर त्या चित्राचा शिक्का. सुतळी संध्याकाळच्या आत सोडायची, पक्षी अडकतात.

अवघड-लांब मी तासाभरात आखला. घळीतून सोंडेवर, सोंडेवरून प्लांटेशनच्या मागे, दोन वाटांचा चॉइस, मजा आली. पोरांचा १.२ किमी अजून झालेला नाही. नियम असा की पोराला कुठेही दोन वाटांतून निवडायची वेळ येऊ नये, जिथे वळायचं तिथे कंट्रोल पाहिजेच, आणि एका कंट्रोलवरून पुढचा रस्ता सरळ दिसला पाहिजे. आता टेकडीवर कितीही मुख्य वाट म्हटली तरी दर वीस मीटरला कुणीतरी शॉर्टकट पाडलेला असतो. खाणीच्या वरच्या अंगाला तर चार वाटा एकत्र येतात, नकाशावर त्या केसांच्या गुंत्यासारख्या दिसतात आणि मोठी माणसं पण तिथे थबकतात. स्टार्ट तिथून हलवून कुंपणाच्या कडेला घेतला, आता पहिले तीन कंट्रोल कुंपण धरून जातात. कुंपण कुणी शॉर्टकट मारून बदलू शकत नाही.

उद्या मैत्रिणीच्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन कागद न दाखवता चालणार, तो जिथे थांबेल तिथे कंट्रोल.

शनिवार, २० डिसेंबर

तो एकूण पाच ठिकाणी थांबला. त्यातल्या दोन ठिकाणी कैऱ्या नसलेलं आंब्याचं झाड होतं म्हणून थांबला, ते धरत नाही. तीन कंट्रोल वाढवले.

झेंडे: रविवार पेठेतून केशरी आणि पांढरं नायलॉन आणलं, शेजारच्या शिवणवाल्या ताईंनी ३० बाय ३० सेंटीमीटरचे तीन बाजूंचे झेंडे शिवून दिले, तिरका जोड देताना त्या वैतागल्या, म्हणाल्या परत असलं आणू नकोस. पंचिंगचं, म्हणजे कंट्रोल गाठल्याची नोंद कशी करायची याचं, ठरेना. मोठ्या स्पर्धांत बोटात इलेक्ट्रॉनिक चिप असते, स्पोर्टआयडेंट वगैरे, सुंदर चीज पण त्याच्या युनिटांत आपलं सगळं बजेट गेलं असतं. मॅपरन नावाचं ऑस्ट्रेलियन ॲप फोनच्या जीपीएसवर कंट्रोल नोंदवतं, काही टांगायचीच गरज नाही, पण ज्येष्ठ मंडळींत निम्म्यांचा फोन खिशातून बाहेर काढेपर्यंत चष्मा शोधावा लागतो. म्हणून पुठ्ठ्याचं कार्ड, आणि प्रत्येक झेंड्याला दोऱ्याने बांधलेला वेगळ्या रंगाचा खडू. मॅपरन फक्त लांब कोर्सला, ज्याला हवं त्याला.

झाडांना खिळे नाहीत, रंग नाही. वनविभागाकडच्या अर्जात तसं लिहून दिलंय.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

आज टेकडी नाही, बाग. व्हीलचेअर वापरणारा आमचा एक मित्र पहिल्या मीटिंगलाच म्हणाला होता, "मला चीफ गेस्ट करू नका, खेळायला घ्या." टेकडीच्या मुरमाच्या वाटेवर त्याला ढकलत नेणं म्हणजे तो खेळणार नाही, आम्ही खेळणार. त्याच्यासाठी म्हणून ट्रेल-ओ काढलं आणि आता मलाच ते जास्त आवडायला लागलंय.

ट्रेल-ओमध्ये पळणं नाहीच, चालण्याच्या वेगाला मार्क नाहीत. पक्क्या वाटेवर एक खूण असते, तिथे थांबायचं, समोर तीन-चार झेंडे टांगलेले, डावीकडून ए, बी, सी, डी. नकाशातल्या गोलाच्या मध्यावर आणि सोबतच्या वर्णनात जी जागा आहे, त्या जागेवर यातला नेमका कुठला झेंडा, की एकही नाही? एकही नाही हेही उत्तर असू शकतं, तिथे लोकांची जाम वाट लागते. वाट सोडून आत जायचं नाही, सगळ्यांना तोच नियम, त्यामुळे चालणारा आणि चाकांवरचा दोघांनाही तेवढंच दिसतं. ढकलायला मदतनीस चालतो पण त्याने तोंड उघडायचं नाही. याच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप २००४ पासून होतात, पहिली स्वीडनमध्ये वेस्टेरोसला, आणि त्यात सगळ्यांसाठी खुला असा ओपन गटही असतो.

बागेची अडचण गेटवरच सुरू. टू-व्हीलर आत येऊ नयेत म्हणून फिरतं लोखंडी गेट लावलंय, त्यातून चेअर जात नाही. माळीदादांनी मागचं कचऱ्याच्या गाडीचं गेट उघडून दिलं आणि त्या दिवशीही उघडतो म्हणाले. मित्र म्हणाला, कचऱ्याच्या गेटने खेळाडू आत येणार हे ब्रोशरमध्ये छापा. त्याच्याबरोबर सगळ्या वाटा फिरलो. दोन ठिकाणी फरशीची पायरी निघाली जी मला चालताना कधी जाणवली नव्हती, त्या वाटा कोर्समधून काढल्या. बघण्याची जागा ठरवताना तो बसलेलाच होता आणि मी उभी, मला जो झेंडा मेंदीच्या वरून दिसत होता तो त्याला दिसतच नव्हता. म्हणून नियम: सगळे झेंडे खाली बसून चेक करायचे. मी दिवसभर उकिडवी बसतेय, गुडघे बोलायला लागलेत.

शनिवार, १७ जानेवारी

प्रिंट. पहिल्या प्रतीत तपकिरी कंटूर आणि जांभळ्या रेघा एकाच खानदानातल्या दिसत होत्या. प्रिंटवाला दादा भला माणूस, तीनदा रंग बदलून दिला. लाल-हिरवा फरक न दिसणारे एक काका व्हॉलंटियर आहेत, त्यांना प्रत दाखवली, हिरव्यावरची जांभळी रेघ त्यांना हरवते. रेघ जाड केली आणि जिथे कंट्रोलचा गोल खालचा दगड झाकतो तिथे गोल कापला. ज्येष्ठांच्या आणि पोरांच्या कोर्सला मोठी प्रत, १:४०००, ए-थ्रीवर. वर्णनं चिन्हांत न छापता सरळ शब्दांत: "चराचं पूर्वेचं टोक", "कातळाचा पायथा", "दोन वाटांचा फाटा", "एकटं झाड".

शनिवार, २४ जानेवारी

ट्रायल. झेंडे न लावता फक्त रिबिनी, प्रत्येक जागा दुसऱ्या माणसाने तपासली. अवघड-आखूडचा चौथा कंट्रोल आर्मीवाल्या काकांनी नामंजूर केला, उतार गुडघ्याला वाईट. बदलला. खाणीच्या कड्याकडे कुठल्याही कोर्सची सरळ रेघ जात नाही ना, ते परत बघितलं. आग्या मोहोळ उत्तरेच्या कड्याला आहे, तो कोपरा नकाशावर जांभळ्या आडव्या-उभ्या रेघांनी बंद.

सेफ्टीचा एकच नियम पाठ करून घ्यायचा: कोर्स अर्धा सोडला तरी फिनिशला येऊन सांगूनच घरी जायचं. परस्पर रिक्षाने गेलेल्या माणसाला आम्ही दुपारपर्यंत टेकडीवर शोधत बसणार.

रविवार, १ फेब्रुवारी

झालं. पाय दुखतायत, थोडक्यात लिहिते.

लांब-सोप्या कोर्सला रनिंग ग्रुपची पोरं सुसाट सुटली आणि दुसऱ्या कंट्रोलच्या पुढे जाऊन थांबून परत आली. अवघड-आखूडला सत्तरीच्या दोन मैत्रिणी, रोज टेकडीवर येणाऱ्या, एकीच्या हातात नकाशा आणि दुसरीच्या हातात काठी, एक तास चाळीस मिनिटं लावली आणि सगळे कंट्रोल घेतले. त्यातल्या एक म्हणाल्या, "तीस वर्षं येतेय, या घळीत कधी उतरलेच नव्हते गं." पोरांच्या कोर्सवर एकही पोरगं हरवलं नाही, दोन आया हरवल्या, त्या पोरांच्या मागे न राहता पुढे गेल्या होत्या. सुतळीच्या कोर्सला सगळ्यात मोठी रांग, काही जणांनी तीनदा केला.

बागेत मात्र राडा. मोजणी खात्यातून रिटायर झालेले एक काका, भूकरमापक, त्यांनी सहाव्या कंट्रोलला "एकही नाही" लिहिलं आणि आमचं उत्तर सी होतं. पंधरा मिनिटं वाद, मग त्यांनी वाटेवरूनच तीन खुणांची रेषा धरून दाखवलं की सी झेंडा हौदाच्या कोपऱ्यावर नाही, दीड-दोन मीटर सरकलेला आहे. सकाळी कुणीतरी हलवला असणार. कंट्रोल सगळ्यांसाठी रद्द केला, नियमात तशी सोय आहे. व्हीलचेअरवाल्या मित्राचा त्याच कंट्रोलला सी होता आणि तो बरोबर धरला गेला असता तर तो काकांच्या पुढे जात होता, त्यामुळे आता दोघांचं भांडण व्हॉट्सॲपवर चालू आहे.

परस्पर रिक्षाने गेलेला माणूस: एक. फोन लागला, घरी पोहे खात होता.

शनिवार, ७ फेब्रुवारी

नकाशाच्या दुरुस्त्या, लोकांच्या प्रतींवर आलेल्या खुणांवरून:

पश्चिमेच्या सोंडेचे कंटूर दोघांनी चुकीचे म्हटलेत आणि ते बरोबर आहेत, म्हणजे लोक. परत चालावी लागणार. मंदिराच्या मागची नवी वाट नाही आलेली. एक बाकडं आता तिथे नाहीच. आजींनी घळीत एक जुना दगडी बांध दाखवला, तो आमच्या चौघांच्याही नजरेतून सुटला होता, टाकलाय.

मावसबहीण स्टॉकहोमला असते, तिला फोटो पाठवले तर तिने तिकडच्या हिट्टाउटचं सांगितलं, क्लब लोक शहरात आणि जंगलात कंट्रोल लावून ठेवतात, नकाशा फुकट, उन्हाळाभर कुणीही कधीही जाऊन शोधायचे, हिरवे सोपे, मग निळे, लाल, काळे. आपल्याकडे कायमचे झेंडे आठवडाभर टिकणार नाहीत, कापड चांगलं आहे. पण टेकडीवर आधीच नंबर टाकलेले विजेचे खांब आणि टाक्या आहेत, त्यांचेच नंबर कार्डावर लिहायचे असं करता येईल का, हे बघायचंय. सोप्या कोर्सपासून सुरू करू. तोच परत जास्त वेळ खाणार.

पुढची मीटिंग बागेतच, कचऱ्याच्या गेटने. झेंडे माझ्याकडे आहेत, तीन कमी आहेत, ज्याच्याकडे असतील त्याने आणावेत. सुतळीचा गुंडा पण.